शाळा सुटल्यावर फिरणारे मीटर: मराठवाड्यातील शाळांसाठी वीज आणि पाणी बचतीचे मार्गदर्शन

जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेचा कार्यभार नुकताच हाती आलेल्या मुख्याध्यापकांसाठी, तसेच हरित सेनेची किंवा इको क्लबची जबाबदारी ज्यांच्याकडे सोपवली गेली आहे अशा शिक्षकांसाठी हा लेख आहे. वीज आणि पाणी जपून वापरण्याचा उपदेश परिपाठात नियमित होतो आणि संरक्षक भिंतीवर घोषवाक्येही रंगवलेली असतात. तरीही बिल उतरत नाही आणि फेब्रुवारी उजाडला की टाकीचा तळ दिसू लागतो. माझ्या अनुभवानुसार शाळेतील नासाडीचा मोठा भाग विद्यार्थी वर्गात असताना होतच नाही. तो शाळा सुटल्यानंतर, रात्री, रविवारी आणि दीर्घ सुट्टीत होतो आणि म्हणूनच कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. त्यामुळे आधी मोजमाप, मग बंद शाळेतील गळती, त्यानंतर दिवसाचा वापर आणि सर्वांत शेवटी खरेदी, असा क्रम मी येथे सुचवत आहे. हा क्रम उलटवून खरेदीपासून सुरुवात केली, तर पैसे खर्च होतात आणि गळती जिथल्या तिथे राहते.

१. कागदपत्रे आणि साधने एकत्र करा

कामाला हात घालण्यापूर्वी पुढील गोष्टी एका फाइलीत आणि एका कपाटात आणून ठेवा.

- मागील १२ महिन्यांची वीजबिले. ती कार्यालयात सापडत नसतील, तर १२ अंकी ग्राहक क्रमांकाच्या आधारे महावितरणच्या संकेतस्थळावर किंवा उपविभागीय कार्यालयात चौकशी करा.
- जडवस्तू संग्रह नोंदवही, म्हणजे शाळेत कोणते पंखे, दिवे, मोटार आणि टाक्या आहेत याची अधिकृत यादी.
- नळजोडणीची किंवा बोअरची माहिती: खोली, मोटार किती अश्वशक्तीची आहे, ती कधी बसवली.
- शाळा व्यवस्थापन समितीचे इतिवृत्त. मागील ठरावांत दुरुस्तीला मंजुरी मिळून काम राहिले असेल, तर तोच ठराव पुढे नेता येतो.
- मोजपट्टी, १० लीटरची बादली, घड्याळ, सरळ लांब काठी आणि एक साधी वही.

महागडी उपकरणे सुरुवातीला लागत नाहीत. मीटर तर भिंतीवर बसवलेलेच असते. ते कोणी वाचत नाही, इतकेच.

२. वीजबिलाची मागची-पुढची बाजू नीट वाचा

बिलावर पहिल्यांदा एकूण रकमेकडे न पाहता वर्गवारी पाहा. शाळांसाठी महावितरणच्या दरपत्रकात ‘सार्वजनिक सेवा’ ही स्वतंत्र लघुदाब वर्गवारी आहे आणि तिच्यात शासकीय संस्था व इतर संस्था असे दोन उपवर्ग आहेत. जोडणी घेताना अर्ज चुकीचा भरला गेल्यामुळे किंवा इमारत पूर्वी दुसऱ्या कामासाठी वापरात असल्यामुळे एखाद्या शाळेला वाणिज्यिक दराने आकारणी होत राहते. अशा वेळी मुख्याध्यापकांचे पत्र, शाळेचा यू-डायस क्रमांक (शासनाच्या शालेय माहितीप्रणालीतील ओळख क्रमांक) आणि अलीकडचे बिल जोडून वर्गवारी बदलण्याचा अर्ज करावा आणि त्याची पोच घ्यावी. थकबाकी असेल, तर ती कोणी भरायची, शाळेने की ग्रामपंचायतीने, हे आधी लेखी ठरवून घ्या, कारण याच मुद्द्यावर अर्ज अडकून पडतात.

दुसरी गोष्ट म्हणजे मागील आणि चालू रीडिंग. रीडिंग घेणारा कर्मचारी सुट्टीच्या दिवशी आला आणि मीटर कुलपाच्या आत असले, की सरासरी युनिटांचे बिल येते. असे बिल येत असताना आपण कितीही बचत केली तरी ती कागदावर दिसणार नाही. मीटर बाहेरून वाचता येईल अशा जागी हलवण्याची विनंती करता येते. तोवर महावितरणच्या अॅपवरून स्वतः रीडिंग पाठवावे.

तिसरी गोष्ट स्थिर आकाराची, म्हणजे वापराशी संबंध नसलेल्या ठरावीक रकमेची. तो वापर कमी केल्याने कमी होत नाही. बचतीचा अंदाज बांधताना एकूण बिल भागिले युनिट असा हिशेब केला, तर आकडा फुगतो आणि समितीसमोर दिलेला शब्द पाळता येत नाही. ऊर्जा आकार, वहन आकार (वीज वाहून आणण्याचा) आणि प्रतियुनिट लागणारे इतर आकार एवढेच हिशेबात धरा.

३. संध्याकाळचे आणि सकाळचे रीडिंग घ्या

संपूर्ण लेखातील एकच पायरी करणार असाल, तर ही करा. सलग दोन आठवडे शाळा सुटताना आणि दुसऱ्या दिवशी शाळा भरण्यापूर्वी मीटरचे रीडिंग वहीत लिहा. पाचवी ते आठवीच्या विद्यार्थ्यांची जोडी आळीपाळीने हे काम आवडीने करते आणि वजाबाकीचा सरावही आपोआप होतो. मात्र विद्यार्थ्यांनी आकडे वाचायचे आहेत. मीटरच्या पेटीला, वायरला किंवा कटआउटला हात लावायचा नाही, हे स्पष्ट बजावून सांगा.

रात्रभरात वाढलेली युनिटे बाजूला काढून त्यांचे कारण शोधा. व्हरांड्यातील दिवा, संगणक कक्षातील इन्व्हर्टर, तात्पुरता म्हणून चालू ठेवलेला वायफायचा संच, भिंतीवरील स्मार्ट टीव्ही, पाणी थंड करणारे यंत्र आणि मोटार हे नेहमीचे संशयित आहेत. सर्व स्विच बंद केल्यानंतरही मीटरवरील दिवा लुकलुकत राहिला, तर जुन्या वायरिंगमधून गळती होत आहे किंवा शेजारच्या कोणी आपल्या लाइनवर जोडणी घेतली आहे, अशी शक्यता असते. मंदिराच्या उत्सवाचा मंडप, बाजूच्या सभागृहातील दिवा, कधी एखादे पाण्याचे यंत्रही शाळेच्या मीटरवर चाललेले आढळते. हा विषय गावातील संबंधांचा असल्यामुळे शिक्षकाने एकट्याने वाद घालू नये. तो समितीच्या बैठकीत मांडावा. वायरिंगची तपासणी मात्र परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावी, विशेषतः पावसाळ्यापूर्वी, कारण ओल्या भिंतीतील वीजगळती हा आधी मुलांच्या जिवाचा प्रश्न आहे आणि त्यानंतर बिलाचा.

४. टाकीची रात्रीची परीक्षा घ्या

पाण्याचे मीटर बहुतेक शाळांत नसते, पण टाकी आणि हौद असतात. त्यांनाच मीटर मानायचे. शाळा सुटल्यावर हौदात काठी उभी धरून पाण्याची उंची लिहा आणि सकाळी पुन्हा मोजा. हौद २ मीटर लांब आणि १.५ मीटर रुंद असेल, तर पातळीतील प्रत्येक सेंटिमीटर म्हणजे ३० लीटर पाणी. रात्रीत ५ सेंटिमीटर पातळी उतरली, तर कोणीही न वापरता १५० लीटर पाणी गेलेले असते, आणि रविवारसुद्धा त्याला सुट्टी देत नाही.

गळती कुठे आहे हे ठरवण्याची रीत सोपी आहे. पहिल्या रात्री हौदाचा बाहेर जाणारा व्हॉल्व्ह बंद ठेवा. तरीही पातळी उतरली, तर हौदाला तडा गेला आहे. पातळी स्थिर राहिली, तर दोष पाइप, तोट्या किंवा शौचालयात आहे. शौचालयात फ्लशची टाकी असेल, तर तिच्यात थोडी हळद मिसळा आणि अर्धा तास कोणालाही ती वापरू देऊ नका; भांड्यात पिवळे पाणी उतरलेले दिसले, की आतील रबर बदलायचे आहे हे समजते. ठिबकणाऱ्या तोटीखाली एक लीटरची बाटली धरून ती भरायला लागणारा वेळ मोजा. तासाभरात बाटली भरत असेल, तर महिन्याला सातशे लीटरांहून अधिक पाणी त्या एका तोटीतून जाते. उपाय बहुधा काही रुपयांच्या वॉशरचा असतो. अडचण प्लंबर गावात नसण्याची असते. म्हणून वॉशर, टेफ्लॉन टेप, दोन तोट्या आणि एक पाना शाळेत कायम ठेवा.

एक सावधगिरी आपल्या भागापुरती. बोअरचे पाणी जड असल्यामुळे फेस करणाऱ्या जाळीच्या आणि दाबून सोडायच्या तोट्या क्षार साचून लवकर अडकतात. त्यांवर खर्च करण्याऐवजी हात धुण्याच्या रांगेला जाणारा कॉक अर्धवट बंद करून धार बारीक करावी. बादली भरायला लागणारा वेळ आधी आणि नंतर मोजला, की फरक लगेच कळतो.

५. मोटार: जिथे वीज आणि पाणी एकत्र वाया जातात

मराठवाड्याचा मोठा भाग काळ्या बेसाल्ट खडकावर आहे. या खडकात पाणी वाळूच्या थरासारखे सर्वत्र साठत नाही. ते वरच्या मुरमाच्या थरात आणि खडकातील भेगांत असते. त्यामुळे पाऊस संपल्यावर बोअरची पातळी झपाट्याने खाली जाते, तेवढेच पाणी वर आणायला मोटार अधिक वेळ चालवावी लागते आणि उन्हाळ्यात कमी पाण्यासाठी जास्त युनिटे मोजावी लागतात. एक अश्वशक्तीची मोटार साधारण तासाला एक युनिट घेते. ऑक्टोबरात आणि मार्चमध्ये हजार लीटरची टाकी भरायला लागणारा वेळ लिहून ठेवल्यास पाण्याची खरी किंमत समजते.

सर्वांत मोठा सापळा ‘ऑटो’ स्टार्टरचा आहे. वीज कधी येईल याचा नेम नसल्यामुळे मोटार ऑटोवर ठेवण्याची पद्धत गावोगावी रुळली आहे. रात्री दोन वाजता वीज आली की मोटार सुरू होते, टाकी भरून वाहू लागते आणि सकाळपर्यंत शाळेच्या मागे चिखल होतो. बोअर कोरडा पडला असेल, तर रिकामी फिरून मोटार जळते. टाकी भरताच मोटार बंद करणारा फ्लोट स्विच आणि कोरडी फिरणारी मोटार थांबवणारे संरक्षक यंत्र, या दोन वस्तूंना मी खरेदीच्या यादीत सर्वांत वरचे स्थान देतो. त्या येईपर्यंत ऑटो बंद ठेवून मोटार चालू-बंद करण्याची जबाबदारी एकाच व्यक्तीकडे द्या आणि तिचे नाव स्टार्टरशेजारी लिहा.

६. दिवसाच्या वापरातील फुकट सुधारणा

येथे फार लिहिण्यासारखे नाही. प्रत्येक स्विचखाली तो कशाचा आहे हे लिहावे, म्हणजे एक पंखा लावण्यासाठी चार बटणे दाबली जात नाहीत. खिडक्यांना टेकवलेली कपाटे हलवावीत, भिंती आतून पांढऱ्या ठेवाव्यात, मधल्या सुट्टीत आणि मैदानाच्या तासाला वर्गातील सर्व काही बंद करण्याचे काम वर्गप्रतिनिधीकडे द्यावे. पत्र्याच्या किंवा सपाट स्लॅबच्या छतावर उन्हाळ्यापूर्वी चुन्याचा पांढरा लेप दिल्यास वर्ग कमी तापतो. मार्च-एप्रिलमध्ये सकाळची शाळा असली तरी शेवटच्या दोन तासांना हा फरक जाणवतो.

मात्र बचत कुठे करू नये, हेही ठरवून घ्यावे. शौचालयातील आणि हात धुण्याचे पाणी तोडून केलेली बचत मी बचत मानत नाही. शौचालयात पाणी नसले, की मुली दिवसभर पाणी पिणे टाळतात, आणि हा परिणाम कोणत्याही नोंदवहीत उमटत नाही.

७. पोषण आहाराची भांडी आणि सांडपाणी

ताटे धुण्याची वेळ ही शाळेतील पाण्याच्या वापराची सर्वांत मोठी वेळ असते. वाहत्या नळाखाली शंभर ताटे धुण्याऐवजी तीन टब ठेवावेत. उरलेले अन्न आधी बादलीत निपटून घ्यावे, ते जनावरांना जाते. पहिल्या टबात साबणाचे पाणी, दुसऱ्यात खळखळून धुणे आणि तिसऱ्यात स्वच्छ पाण्याने अखेरचे विसळणे. पाणी बदलताना दुसऱ्या टबातील पाणी पहिल्यात आणि तिसऱ्यातील दुसऱ्यात ओतावे. ताजे पाणी फक्त तिसऱ्याला लागते. स्वयंपाकी ताई आणि मदतनीस यांना विश्वासात न घेता ही पद्धत लादली, तर ती आठवडाभरही टिकत नाही, कारण वाकून तीन टब सांभाळण्याचे श्रम त्यांनाच पडतात. टब गुडघ्याइतक्या उंच ओट्यावर मांडून द्या. निम्मी तक्रार तिथेच संपते.

तांदूळ-डाळ धुतलेले पाणी परसबागेला द्यावे. साबणाचे पाणी शोषखड्ड्यात सोडावे. नांदेड जिल्ह्यातील हिमायतनगर तालुक्यातील टेंभुर्णी या गावाने घरोघरी शोषखड्डे घेऊन उघड्या गटारांचा आणि डासांचा प्रश्न सोडवला आणि हे काम राज्यभर चर्चेत आले. शाळेत खड्डा घेताना तो बोअर, विहीर आणि इमारतीच्या पायापासून दूर घ्यावा, त्याच्या तोंडाशी गाळ आणि अन्नाचे कण अडवणारे छोटे चेंबर ठेवावे आणि ते दर आठवड्याला रिकामे करावे. काळ्या चिकण मातीत पाणी हळू मुरते. तेथे मुरूम लागेपर्यंत खणल्याशिवाय खड्डा भरून वाहतो.

आरओ यंत्र असेल, तर ते शुद्ध पाण्याबरोबर त्याहून अधिक पाणी बाहेर टाकते. हे पाणी ड्रममध्ये धरून फरशी पुसायला आणि शौचालयाला वापरावे, रोपांना नाही, कारण त्यात क्षार एकवटलेले असतात. यंत्र घेण्यापूर्वी पाण्याची प्रयोगशाळेत तपासणी करून घ्या. फ्लोराइड आणि क्षार दोन्ही मर्यादेत असतील, तर साधे गाळण आणि निर्जंतुकीकरण पुरते. या तपासणीसाठी ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाची मदत मिळते.

८. खरेदी करताना संख्या नव्हे, तास पाहा

जुनी ट्यूबलाइट चोकसह सुमारे ५५ वॅट घेते, एलईडी ट्यूब सुमारे २० वॅट. वर्गातील ट्यूब दिवसाला दोन तास आणि वर्षाला २०० दिवस लागत असेल, तर ती बदलून वर्षाला १४ युनिटे वाचतात. तीच ट्यूब व्हरांड्यात रोज रात्री १२ तास जळत असेल, तर बदलल्यावर वर्षाला सुमारे १५० युनिटे वाचतात. म्हणजे एक व्हरांडा दहा वर्गांच्या ट्यूबांना भारी आहे. तरी बहुतेक ठिकाणी आधी वर्गखोल्या बदलल्या जातात, कारण त्या पाहुण्यांना दिसतात.

पंख्यांचेही तसेच. साधा पंखा ७० ते ७५ वॅट घेतो, बीएलडीसी पंखा (कमी वीज घेणाऱ्या ब्रशविरहित मोटारीचा) सुमारे ३०. दिवसाला सहा तास आणि २०० दिवस धरले, तर एका पंख्यामागे वर्षाला ५४ युनिटांचा फरक पडतो. सर्व पंखे एकदम बदलण्याऐवजी जो बंद पडेल त्याच्या जागी बीएलडीसी घ्यावा. २०२३ पासून छताच्या पंख्यांना ऊर्जा कार्यक्षमतेचे तारांकन बंधनकारक आहे, त्यामुळे दरपत्रक मागवताना तारे आणि वॅट दोन्ही लिहून मागा.

जुने साहित्य परस्पर भंगारात देऊ नका. जडवस्तू संग्रहात नोंद असलेली वस्तू निर्लेखनाच्या, म्हणजे निरुपयोगी वस्तू नोंदीतून अधिकृतपणे काढण्याच्या, प्रक्रियेशिवाय हलवली, तर लेखापरीक्षणात आक्षेप निघतो आणि तो निस्तरताना बचतीपेक्षा जास्त वेळ जातो. जुन्या ट्यूबमध्ये पारा असतो. त्या फुटू न देता वेगळ्या ठेवाव्यात.

९. पावसाचे पाणी: किती आणि कुठे

एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस पडला, की एक लीटर पाणी मिळते. मराठवाड्याची वार्षिक सरासरी सुमारे ६८० मिलिमीटर आहे. शंभर चौरस मीटर छत आणि २० टक्के घट धरली, तर हिशेबाने ५४ हजार लीटर पाणी हाती येते. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून आलेल्या पहिल्या पाणी-रेल्वेच्या एका वाघिणीत ५० हजार लीटर पाणी होते. आपल्या एवढ्याशा छतावरून दरवर्षी जवळपास तेवढेच वाहून जाते.

हा आकडा ऐकून लगेच मोठी टाकी बांधण्याचा मोह होतो. थांबा. पाऊस मोजक्या दिवसांत पडतो आणि मधे मोठे खंड असतात. ५ हजार लीटरची टाकी अशा छतावर सुमारे ६३ मिलिमीटर पावसात भरते. त्यानंतरचे पाणी कुठे जाणार, हे आधी ठरवले पाहिजे. माझा सल्ला असा: पन्हाळ आणि पाइप नीट बसवून एक मध्यम टाकी भरावी, तिचे पाणी पावसाळ्यातच शौचालय आणि धुण्यासाठी वापरून बोअरला विश्रांती द्यावी आणि वरचे पाणी गाळून पुनर्भरणाला, म्हणजे पुन्हा जमिनीत मुरायला, सोडावे. पहिल्या पावसाचे पाणी वेगळ्या कॉकने बाहेर काढावे, कारण त्यात पक्ष्यांची विष्ठा आणि धूळ असते. बोअरच्या पुनर्भरणासाठी दगड, खडी आणि वाळूचे थर असलेला गाळणखड्डा अनिवार्य आहे. गढूळ पाणी थेट सोडल्यास भेगा बुजतात आणि चालू बोअर कायमचा निकामी होतो. आवारातील वापरात नसलेला बोअर उघडा असेल, तर तो आजच लोखंडी झाकणाने पक्का बंद करा.

१०. सौर पॅनल सर्वांत शेवटी

एक किलोवॅटचे पॅनल आपल्या भागात दिवसाला सरासरी चार युनिटे देते. वापर कमी केल्यानंतर पॅनल घेतले, तर लहान संच पुरतो. दोन गैरसमज मात्र आधीच दूर करा. पहिला: ‘पीएम सूर्य घर’ योजनेचे अनुदान निवासी ग्राहकांसाठी आहे, शाळेसाठी नाही, विक्रेता तसे सांगत असेल तर सावध राहा. दुसरा: बॅटरी नसलेला, नेट मीटरवर (जादा वीज महावितरणला देऊन बिलात वळती करणाऱ्या मीटरवर) चालणारा संच वीज गेली की स्वतःही बंद होतो. भारनियमनात वर्ग चालू राहावेत हा हेतू असेल, तर बॅटरीचा वेगळा खर्च धरावा लागेल. पत्र्याच्या छतावर बसवण्यापूर्वी बांधकाम विभागाचा अभिप्राय घ्या आणि पॅनल धुण्यासाठी पाणी व शिडी यांची सोय आराखड्यातच असू द्या.

११. निधी आणि ठराव

किरकोळ दुरुस्ती समग्र शिक्षा या केंद्र पुरस्कृत योजनेच्या संयुक्त शाळा अनुदानातून होते; त्यातील किमान १० टक्के रक्कम स्वच्छता आराखड्यासाठी असते आणि तोट्या, हात धुण्याची जागा यांना ती उपयोगी पडते. मोठ्या कामांसाठी ग्रामपंचायत हाच मार्ग आहे. वित्त आयोगाच्या बंधित (ठरावीक कामांसाठीच वापरता येणाऱ्या) निधीत पेयजल, पाऊसपाणी संकलन आणि सांडपाणी यांचा समावेश असतो, पण काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात असल्याशिवाय पैसे मिळत नाहीत. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, अंदाजपत्रक आणि आपल्या वहीतील रीडिंगचा तक्ता जोडून मागणी १५ ऑगस्ट किंवा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मांडा. जानेवारीत गेलेले पत्र बहुधा पुढच्या वर्षावर ढकलले जाते. काम झाल्यावर यू-डायस प्लसमधील पाणी, वीज, पाऊसपाणी संकलन आणि सौर पॅनल यांच्या नोंदी अद्ययावत करा.

१२. उन्हाळी सुट्टी आणि बदली

एप्रिलअखेर शाळा बंद करताना मुख्य स्विच बंद करणे शक्य असल्यास करावे. इन्व्हर्टर, टीव्ही आणि संगणकांचे प्लग काढावेत. मोटारीचा ऑटो बंद असल्याची खात्री करावी. हौदाचा व्हॉल्व्ह बंद करून रीडिंग आणि पातळी लिहावी. झाडांना पाणी कोण घालणार आणि किल्ली कोणाकडे राहणार, हे पत्राने कळवावे. जूनच्या मध्यास शाळा उघडताना पहिले काम तेच रीडिंग पुन्हा घेण्याचे.

आपली बदली झाली, तर कार्यभार हस्तांतरणाच्या यादीत रीडिंगची वही, व्हॉल्व्हच्या जागांचा हाताने काढलेला नकाशा, फ्लोट स्विच आणि पंख्यांची हमीपत्रे, पाणी तपासणीचे अहवाल आणि वायरमनचा संपर्क स्वतंत्र ओळींत लिहा आणि नव्या मुख्याध्यापकांना प्रत्येक व्हॉल्व्ह एकदा प्रत्यक्ष फिरवून दाखवा.